सर्व्हे घेऊन गेलेले परत कधी येणार?

कात्रजच्या संतोषनगरपासून कोंढव्यापर्यंतच्या वस्त्यांमध्ये एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी फिल्डवर्कला येतात. खाला त्यांना चहा देतात, उत्तरं देतात. घरात माणसं किती, मुलं किती, शिक्षण का सुटलं? फॉर्म भरतो, प्रबंध सादर होतो, पदवी मिळते. आपल्याबद्दल त्यात काय लिहिलं गेलं, हे खालांना कधीच कळत नाही.

दोष त्या पोरांचा नाही. आठवड्यातले दोन दिवस आणि डोक्यावर सबमिशनची तारीख. एवढ्यात वस्ती कशी कळणार?

खरं तर या शिक्षणाची सुरुवात उलट्या क्रमाने झाली होती. भारतातली समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था, आजची टिस, १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात उघडली. क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे आधीपासून 'नेबरहूड हाउस' चालवत होते. वस्तीतलं काम आधी, वर्ग नंतर. पुढे संस्था देवनारला गेली. आज विद्यार्थी वर्गातून वस्तीत येतो, तोही पाहुण्यासारखा.

मोठ्या अभ्यासांचंही तेच. महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची स्थिती तपासायला सरकारने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली. २०१३ मध्ये अहवाल आला, त्यात आठ टक्के आरक्षणाची शिफारस होती. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला? आपल्या मोहल्ल्यात त्यावर एक तरी बैठक झाली का? हा प्रश्न सरकारला जितका, तितकाच आपल्यालाही आहे.

आणि आपली मुलं-मुली या अभ्यासक्रमाला का जात नाहीत? घरचे विचारतात, "नोकरी काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पगार तुटपुंजे, कामं बहुतेक कंत्राटी. डॉक्टरांना, वकिलांना कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे. समाजकार्याला देशपातळीवर तशी परिषद नाही. त्यामुळे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा प्रत्येक भाऊ 'समाजसेवक' असतो! तरीही आपल्यातल्या काहींनी हे शिक्षण घ्यायलाच हवं. भाड्याने घर देताना नाव ऐकून नकार मिळतो तेव्हा काय वाटतं, हे ज्याने भोगलंय तो प्रश्नावलीत तो प्रश्न आधी घालेल. बाहेरून आलेल्याला तो कदाचित सुचणारही नाही.

महाविद्यालयांनी एक नियम करावा: प्रबंध जमा करण्याआधी त्याच वस्तीत बैठक घेऊन निष्कर्ष हिंदी-मराठीत सांगायचे, आणि बायकांनी काढलेल्या चुका त्यात नोंदवायच्या. तो नियम होईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. पुढच्या वेळी कुणी फॉर्म घेऊन दारात आलं, तर चहा जरूर द्या. सही करण्याआधी मात्र विचारा, "वाचून दाखवायला कोणत्या तारखेला येणार?" आणि त्यांच्या शिक्षकांचा नंबर लिहून घ्या.