जळकोटची गोष्ट १७ सप्टेंबरला संपत नाही

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव, आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम आखणारे सर्वजण,



दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, हैदराबादच्या निजामाच्या बाजूने लढणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांचा जुलूम सांगितला जातो. तो सांगितलाच पाहिजे. तक्रार आहे ती त्यापुढे काहीच सांगितले जात नाही याची.

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, नळदुर्गावर चढाई केली आणि सकाळी नऊ वाजता रणगाडे जळकोटात शिरले. दुपारी सव्वातीनला फौज उमरग्यात पोहोचली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. सरकारने याला ‘पोलिस ॲक्शन’ म्हटले. रणगाडे घेऊन येणारे पोलिस आमच्या रस्त्याने तेव्हा एकदाच गेले असावेत.

मग हरलेले राज्य चालवायचे कोणी आणि कसे? मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि १९४९ च्या अखेरपर्यंत राहिले. त्याच काळात निजामाची सर्फ-ए-खास ही खासगी जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी, मुलखात विलीन झाली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा करण्याचा कायदा आला. १९५० मध्ये कुळकायदा झाला. बाजारात मात्र निजामाचा हाली शिक्का आणि भारताचा कळदार रुपया दोन्ही चालू, सात हालीला सहा कळदार; हाली पुरता बंद व्हायला १९५९ उजाडले. निजाम स्वतः राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत कायम! आमच्या शेतांची मालकी कशी बदलली हे यातून कळते, पण शाळेतल्या भाषणात यातले एक वाक्य येत नाही.

आणि जे बोलायला जड जाते, तेही सांगितले जात नाही. फौज आल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेलेही त्यात मारले गेले. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले. आकड्यांवर वाद आहेत, ते खुशाल घालावेत. पण अहवाल कित्येक दशके दडपून ठेवण्याचे कारण काय? मुसलमान शेजाऱ्यांना घरात दडवून वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. त्यांचाही सत्कार आपण आजवर केलेला नाही. रझाकारांचे पाप यामुळे तसूभर कमी होत नाही.

म्हणून विनंती अशी. सुंदरलाल समितीचा अहवाल मराठीत करून जिल्हा ग्रंथालयात ठेवावा. जळकोट, नळदुर्ग, उमरगा या रस्त्यावर १३ सप्टेंबरची हकीकत सांगणारे फलक लावावेत आणि त्यांवर पुढच्या वर्षांचाही मजकूर असावा. सर्वांत तातडीचे काम साक्षी नोंदवण्याचे. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीकडे झुकले आहेत. दोन्ही धर्मांच्या या म्हाताऱ्या माणसांकडे पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत कोणाला तरी ध्वनिमुद्रक घेऊन पाठवा.

आपला,
जळकोटचा एक रहिवासी