वॉरंटाची नोंदवही पक्षकारासमोर उघडी असावी

न्यायालयाने आपल्या नावे अटकेचे वॉरंट काढले आहे ही वार्ता ज्याच्या नावे ते निघाले त्यालाच सर्वांच्या शेवटी कळावी, आणि तीही बहुधा अवेळी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या पोलीस अंमलदाराच्या तोंडून कळावी, ही आपल्याकडील फौजदारी व्यवहाराची रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः वॉरंट हा न्यायालयाचा लेखी हुकूम आहे. तो उघड्या न्यायासनावरून दिला जातो, त्या दिवसाच्या रोजनाम्यात त्याची नोंद होते आणि त्या नोंदीखाली न्यायाधीशांची स्वाक्षरी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 1966 साली, मुंबईतील एका वृत्तपत्र-प्रतिनिधीच्या अर्जावर निर्णय देताना, न्यायदान सर्वांसमक्ष चालावे हा सर्वसाधारण नियम आणि बंद दाराआडची सुनावणी हा अपवाद, असे निःसंदिग्धपणे सांगितले. जो हुकूम सर्वांसमक्ष दिला गेला, त्याचा पत्ता लागण्यासाठी नागरिकाला कारकुनाची ओळख आणि दलालाची मेहेरबानी शोधावी लागावी, ही विसंगती मला फार खटकते.

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु वॉरंट आपोआप मरत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जी तरतूद होती तीच 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 मध्ये कायम राहिली आहे: ज्या न्यायालयाने वॉरंट काढले त्याने ते रद्द करीपर्यंत, अथवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहते. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बायकामुलांसह कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मधल्या काळात गावातल्या कुठल्याशा बांधावरच्या मारामारीच्या खटल्यात तारीख पडते, घराला कुलूप असल्याचा शेरा मारून समन्स परत जाते, पुढे जामीनपात्र वॉरंट निघते, त्याच्याही पुढे अजामीनपात्र निघते, जामीनदार राहिलेल्या भावकीतल्या माणसाला नोटीस जाते, आणि अखेरीस तो फरार असल्याचा जाहीरनामा निघून जप्तीची भाषा सुरू होते. ज्याला आपण फरार म्हणतो तो उसाच्या फडात कोयता चालवीत असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली न्यायालयांना बजावले की प्रथम समन्स, मग जामीनपात्र आणि अगदी निरुपाय झाल्यावर अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम सामान्यतः पाळावा. पण क्रम पाळला तरी प्रत्येक पायरीवरचा कागद त्याच बंद दारावर जाऊन परत येत असेल, तर त्या पायऱ्यांचा त्या माणसाला काय उपयोग?

आता कोणी म्हणेल की आजकाल सर्व काही संगणकावर आहे. ई-कोर्ट्स योजनेने गेल्या दोन दशकांच्या आत देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांचे दफ्तर घरबसल्या पाहण्याची जी सोय केली, तिचे मोल मी कमी लेखीत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यातील आरंभीची अक्षरे राज्य व जिल्हा दाखवतात, त्यापुढचे दोन अंक न्यायालय दाखवतात, मग खटल्याचा अनुक्रम आणि शेवटी वर्ष येते. हा क्रमांक हाती असेल तर पुढची तारीख, मागचे रोजनामे आणि पुष्कळदा हुकूमही क्षणात समोर येतात. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावावरून, वकिलाच्या नावावरून, किंवा पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष सांगून शोध घेता येतो. प्रथम खबर अहवाल, संवेदनशील गुन्हे वगळून, चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश या शोधाला पूरक ठरला आहे.

परंतु नावावरून शोधणाऱ्याला आधी जिल्हा, न्यायसंकुल आणि वर्ष ठाऊक असावे लागते, म्हणजे ज्याला आपल्यावर खटला आहे हेच ठाऊक नाही त्याच्यासाठी हे दार जवळपास बंदच आहे. त्यात नावे बहुधा रोमन लिपीत, ज्या कारकुनाला जशी सुचली तशी लिहिलेली. एकाच गायकवाडाची चार रूपे चार खटल्यांत आढळतात आणि ज्या रूपाने शोध घ्यावा ते नेमके दफ्तरात नसते. खटला सापडलाच तर त्याच्या अवस्थेपुढे ‘एन. बी. डब्ल्यू. अनरेडी’ असा इंग्रजी शेरा असतो. आपल्या नावे अजामीनपात्र वॉरंट निघाले असून बजावणी व्हायची आहे हा त्याचा आशय, आणि तो समजावून सांगायला पुन्हा कोणी वकील किंवा त्याचा गुमास्ता गाठावा लागतो.

कागदाची अधिकृत नकल हवी असेल तर वाट जुनीच आहे. नकल विभागात अर्ज करावा, कोर्ट फीचा स्टॅम्प लावावा, खर्च भरावा आणि पावती जपून ठेवावी. खटल्यातील पक्षकाराला नकल हक्काने मिळते. त्रयस्थाने मात्र आपल्याला ती कशासाठी हवी हे सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून हा वळसा टाळता येईल अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या उच्च न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय आहे तेथे त्याच नियमांनी जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवून टाकले आहे. वॉरंट निघाल्याचे कळलेल्या माणसाने नकलेची वाट पाहत बसू नये. त्याने वकिलासह स्वतः त्या न्यायालयापुढे हजर होऊन, गैरहजेरीचे कारण सांगून, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आपण होऊन आलेल्या माणसाला न्यायालय बहुधा नव्या मुचलक्यावर किंवा थोड्या खर्चाच्या हुकुमावर सोडते. वकिलाची ऐपत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि 15100 हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि वॉरंट रद्द झाले म्हणजे तरी सुटका होते का? मुंबईतील एका वकिलाला रद्द झालेल्या वॉरंटावर अटक झाली आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 साली त्या न्यायालयाने जे नियम घालून दिले ते आजही वाचण्याजोगे आहेत. वॉरंटाचे नमुने छापील आणि क्रमांकित असावेत. त्यांवर न्यायाधीशांची पूर्ण, सुवाच्य स्वाक्षरी आणि न्यायालयाची स्पष्ट मोहोर असावी. प्रत्येक न्यायालयाने एक नोंदवही ठेवावी आणि तीत नोंद झाल्यावाचून एकही वॉरंट बाहेर पडू नये. तशीच दुसरी वही पोलीस ठाण्यात असावी. वॉरंट रद्द झाल्यास तो हुकूम खटल्याच्या कागदांत आणि वहीत चढवून, बजावणी न करता वॉरंट ताबडतोब परत मागवावे आणि हुकुमाची प्रत आरोपीलाही द्यावी. म्हणजे वही आहे, असलीच पाहिजे, हे ठरून गेलेले आहे. उरले ते एवढेच की ज्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब त्या वहीत लिहिला जातो त्याला ती पाहता यावी.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. खरा गुन्हेगार सावध होऊन निसटेल, हा पहिला. परंतु ज्याच्यापाशी पैसा आणि वकील आहे त्याला वॉरंटाची बातमी त्याच दिवशी सायंकाळपर्यंत पोहोचतेच. अंधारात राहतो तो फक्त गरीब. ज्या थोड्या प्रकरणांत गुप्तता खरोखर आवश्यक असेल तेथे न्यायाधीशांनी कारण नोंदवून ती नोंद काही काळ रोखून धरावी. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वॉरंट निघालेल्यांची यादी चव्हाट्यावर टांगली तर घरमालक, मालक, सोयरिकीचे पाहुणे असे सगळेच ती चाळतील, आणि एका चुकलेल्या तारखेचा डाग निर्दोष सुटल्यावरही धुऊन निघणार नाही. म्हणूनच मी सार्वजनिक फलकाची मागणी करीत नाही. आपली ओळख पटवून, आपल्या नावापुरती, राज्यातल्या कोणत्याही न्यायालयाच्या ई-सेवा केंद्रात ही वही पाहता यावी, एवढेच मागणे आहे.

या मागण्याला अलीकडे आणखी एक निकड आली आहे. दूरध्वनीवर चित्र दाखवून, पोलिसांचा गणवेश घालून, बनावट वॉरंट पुढे करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारे भामटे वृद्ध माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटीत आहेत. अशी अटक कायद्यात कोठेही नाही. वॉरंट घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा आशय सांगितला पाहिजे आणि मागितल्यास तो कागद दाखवला पाहिजे, असे संहिताच सांगते. पण तो कागद खरा की खोटा हे ताडून पाहण्याचे ठिकाण जर नागरिकाला उपलब्धच नसेल, तर भीती त्याचा ताबा घेते आणि भामट्याचे काम सोपे होते.

यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. कनिष्ठ न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 ने उच्च न्यायालयाला दिलेला आहे, आणि एका परिपत्रकाने हे होण्यासारखे आहे. नोंदीत खटल्याचा क्रमांक, न्यायालय, वॉरंटाचा प्रकार, ते निघाल्याची तारीख, कोणत्या ठाण्याकडे गेले आणि कधीपर्यंत परत यायचे, एवढे मराठीत असावे. फिर्यादीचा पत्ता नसावा, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा बालकाची ओळख कळेल असे काही नसावे. आणि वॉरंट रद्द झाल्याचा शेरा हुकूम झाला त्याच दिवशी न्यायालयाच्या आणि पोलीस ठाण्याच्या अशा दोन्ही वह्यांत एकाच वेळी चढावा.