पदवी आहे, परिच्छेद नाही

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला आणि महाराष्ट्रात सर्वत्र समाधान व्यक्त झाले. ते स्वाभाविकच होते. तथापि ज्या भाषेची प्राचीनता अशी राजमान्य झाली, त्याच भाषेत पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याला दहा ओळींचा एक सुसंगत परिच्छेद लिहायला सांगावे आणि काय हाती येते ते पाहावे. वाक्य सुरू होते, पण संपत नाही. कर्ता एकवचनी असतो आणि क्रियापद अनेकवचनी होते. पहिल्या ओळीत मांडलेला विचार तिसऱ्या ओळीत सोडून दिलेला असतो आणि पूर्णविराम भेटतो तो पान संपल्यावर. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला हे चित्र नवे नाही. नवे असेल तर एवढेच, की त्याबद्दल आता कोणाला फारसे काही वाटेनासे झाले आहे.

हा दोष केवळ महाविद्यालयांचा नाही, हे प्रथमच मान्य करायला हवे. ‘असर’ या सर्वेक्षणाचा २०२३ सालचा अहवाल १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींविषयी होता. देशातील २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत केलेल्या या पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलितपणे वाचता आला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिता कसे येणार? ही मुले पुढे बारावी होतात, त्यांतील अनेक जण महाविद्यालयाच्या दारात येऊन उभे राहतात आणि तेथे प्राध्यापक त्यांना ‘हे तुम्ही शाळेतच शिकायला हवे होते’ असे ऐकवतात. शाळा प्राथमिक शिक्षणाकडे बोट दाखवते, प्राथमिक शिक्षक सरकारी कामांच्या ओझ्याकडे बोट दाखवतो, आणि या बोटांच्या फेऱ्यात विद्यार्थी मात्र पदवीधर होऊन बाहेर पडतो.

महाविद्यालयात व्याकरण आणि परिच्छेदलेखन शिकवणे हे उच्च शिक्षणाला कमीपणा आणणारे आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर टिकणारी नाही. दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये लिहिले, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या एकवीस वर्षे आधी. मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रुळवली. विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ मध्ये आले. या मंडळींना व्याकरण ही पोरांना घोकायला लावण्याची वस्तू वाटत नव्हती; नव्या ज्ञानाचे ओझे पेलू शकेल असे गद्य घडवण्याचे ते साधन होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’. दोघांची मते परस्परविरोधी. पण एक मुद्दा घ्यावा, तो मांडावा, त्यावरील आक्षेप विचारात घ्यावा आणि निष्कर्षाला यावे ही शिस्त दोघांचीही. मराठी परिच्छेद अशा वादांतून घडला आहे. ती शिस्त ज्या पिढीच्या हाती राहणार नाही, तिच्या हाती घोषणा तेवढ्या उरतील.

व्याकरण अजिबात शिकवले जात नाही असे मात्र नाही. ते स्पर्धा परीक्षांच्या खासगी वर्गांत शिकवले जाते, आणि तेही भरपूर फी घेऊन. समासांचे प्रकार, प्रयोगांची नावे, शुद्ध शब्द ओळखण्याच्या युक्त्या हजारो विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहेत. चार पर्यायांतून कर्मणी प्रयोग ओळखणारा विद्यार्थी स्वतःच्या अर्जात मात्र कर्ता कोठे आणि क्रियापद कोठे हे सांगू शकत नाही. नावे पाठ झाली, वापर आला नाही. लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्णतः वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. ती पद्धत २०२३ पासून लागू व्हायची होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. तयारीला अवधी हवा, ही त्यांची मागणी रास्त होती. पण पदवी घेतलेल्या तरुणांना सलग उत्तरे लिहिण्यासाठी नव्याने तयारी करावी लागते, याचा अर्थ काय होतो याचे उत्तर आंदोलकांनी नव्हे, विद्यापीठांनी द्यायला हवे.

यावर कोणी म्हणेल की विचार महत्त्वाचा, ऱ्हस्वदीर्घाला इतके महत्त्व कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, एवढा भेद कळला की शुद्धलेखनाची सगळी इतिकर्तव्यता संपत नाही. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले; अठरा नियमांची ही यादी एका पुस्तिकेत मावते आणि काही आठवड्यांच्या सरावाने हाती येते. खरा प्रश्न त्याहून खोल आहे. वाक्यरचना सैल असते तेव्हा बहुधा विचारही सैल असतो, आणि कधी कधी तो हेतुपुरस्सर सैल ठेवलेला असतो. सरकारी पत्रात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे वाक्य असते. त्यात कर्ता नाही आणि मुदत नाही. कार्यवाही कोण करणार, कधी करणार, हे त्या वाक्याने सोयीस्करपणे गिळलेले असते. ज्या नागरिकाला वाक्यातील कर्ता शोधता येतो तोच ‘कोण करणार?’ असा प्रश्न विचारू शकतो. आणि ज्या लिपिकाला सरळ टिपणी लिहिता येते त्याच्या टेबलावरची फाईल चार वेळा खुलाशासाठी परत येत नाही. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर एक संदिग्ध शेरा पडला की त्या वाक्याची किंमत एखाद्या वृद्धेला सहा महिने हेलपाटे घालून मोजावी लागते. व्याकरणाचा संबंध असा थेट माणसाच्या पोटाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शुद्धतेच्या नावाखाली आजवर खेड्यातून आलेल्या, बहुजन समाजातील विद्यार्थ्याचा वर्गात उपहास झाला. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारावरून माणसाची लायकी ठरवणारे शिक्षक होऊन गेले आणि आजही ते पूर्णतः नाहीसे झालेले नाहीत. या अन्यायाचा निषेधच करायला हवा. पण त्यावरचा उपाय म्हणून व्याकरणच सोडून देणे म्हणजे त्याच विद्यार्थ्यावर दुसरा अन्याय करणे होय. वऱ्हाडीत ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘त्याला’ऐवजी ‘त्याले’ येते, ते अडाणीपणाने नव्हे तर नियमाने येते. प्रत्येक बोलीला स्वतःचे व्याकरण असते. हे वर्गात उघडपणे सांगावे आणि त्याबरोबरच प्रमाण लेखनाचे नियमही शिकवावेत. कारण कचेरी, न्यायालय, वर्तमानपत्र आणि परीक्षा यांचा व्यवहार या समाईक रस्त्याने चालतो. सुशिक्षित घरातील मुलाला हा रस्ता घरीच सापडतो. ज्याच्या घरात लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याला तो महाविद्यालयाने दाखवला नाही तर कोण दाखवणार?

अलीकडे तिसरा युक्तिवाद पुढे येऊ लागला आहे. संगणक आता मागेल तो निबंध क्षणात लिहून देतो, मग विद्यार्थ्याने हे कष्ट का घ्यावेत? गणकयंत्र आले म्हणून बेरजेची समज अनावश्यक झाली नाही. यंत्राने लिहिलेला परिच्छेद गुळगुळीत असेल, पण तो खरा आहे का, त्यातील दुसरे वाक्य पहिल्यावरून निघते का, हे पारखण्याची कुवत वाचणाऱ्यापाशी असायला हवी. ती स्वतः लिहिल्याखेरीज येत नाही. ज्याला स्वतःचे वाक्य दुरुस्त करता येत नाही तो यंत्राच्या वाक्याखाली निमूटपणे सही करील. सहीपुरता साक्षर ही अवस्था महाराष्ट्राने मोठ्या प्रयासाने मागे टाकली होती. ती नव्या रूपात परत आणण्याचे कारण नाही.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते कष्टाचे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात भाषिक क्षमता वाढवण्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमांची तरतूद झाली आहे. एका श्रेयांकाला पंधरा तास या हिशेबाने दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला तीस तास मिळतात. हे तास कवितेचे रसग्रहण आणि पत्रलेखनाचे ठरीव नमुने उतरवून घेण्यात घालवायचे, की प्रत्येक आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्याकडून दीडशे शब्दांचा एक परिच्छेद लिहून घ्यायचा, हे ठरवायला हवे. विषय जवळचे असावेत: गावातील पाण्याची टाकी, एस. टी.चे वेळापत्रक, वाचलेल्या धड्यातील न पटलेले विधान. पहिल्या वाक्यात मुद्दा, पुढे त्याचे कारण, मग उदाहरण आणि शेवटी निष्कर्ष. एका परिच्छेदात एकच विचार. परिच्छेद तपासून परत द्यावा, विद्यार्थ्याने तो पुन्हा लिहावा. लिहिणे शिकण्याचा पुनर्लेखनाएवढा खात्रीचा मार्ग नाही.

अडचण आहे ती तपासण्याची. वर्गात १२० विद्यार्थी असतील आणि एका परिच्छेदाला तीन मिनिटे दिली, तरी एका आठवड्याचे सहा तास होतात. हे सहा तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरले जात नाहीत, आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला तर वह्या तपासल्याचा मोबदलाच नसतो. जागा रिक्त ठेवायच्या, वर्ग फुगवायचे, आणि मग विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही म्हणून परिसंवाद भरवायचे, हा प्रकार आता थांबला पाहिजे. तपासणीचे तास कार्यभारात मोजावेत आणि लेखनाच्या वर्गाची विद्यार्थिसंख्या निम्म्यावर आणावी. शिवाय हे काम एकट्या मराठी विभागाचे समजू नये. इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, वनस्पतिशास्त्राच्या उत्तरातही वाक्य पूर्ण असायला हवे, आणि ते नसेल तर त्या विषयाच्या शिक्षकानेही ते दाखवून द्यायला हवे.

भाषेला मिळालेला दर्जा हा पूर्वजांच्या कर्तृत्वाचा दाखला आहे; चालू पिढीला तो वारशाने मिळाला, कमाईने नव्हे. कमाई करायची तर ती वर्गातील वहीच्या पानावर करावी लागेल. पदवीदान समारंभात प्रमाणपत्र हाती देण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला स्वतःचा एक विचार दहा शुद्ध आणि सुसंगत वाक्यांत मांडता येतो, एवढी हमी विद्यापीठाने द्यावी. ती देता येत नसेल तर प्रमाणपत्रावरील मजकूर कितीही निर्दोष असला, तरी त्यातील मुख्य विधान खोटे ठरते.