वाडीवरची शाळा राखू या, नीट चालवू या

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर महाराष्ट्रात टांगती तलवार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले, तेव्हा राज्यात त्यांची संख्या १५ हजारांच्या घरात होती. विरोध झाला आणि प्रस्तावाचा वेग मंदावला. मग मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याचे, नवे निकष आले आणि तोच प्रश्न मागच्या दाराने आत शिरला. आता शाळेला टाळे लावण्याची गरजच उरत नाही. पद कमी झाले की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मुलाचा दाखला काढतात, पट आणखी घसरतो आणि शाळा आपोआप मिटते.

शाळा बंद करण्यासाठी कारण दिले जाते ते गुणवत्तेचे. त्याला बगल देऊन चालणार नाही. आठ मुले, चार इयत्ता आणि एकच गुरुजी. त्या गुरुजींचाही निम्मा जीव ऑनलाइन माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या नोंदींत अडकलेला. बरोबरीचे सवंगडी नाहीत, खेळायला संघ होत नाही. शाळा मोठी केली तर सवंगडी मिळतीलही. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की धनगरवाड्यावरचे मूल घरीच राहणार. जीपचे भाडे झेपेनासे झाले की आधी मुलीची शाळा सुटणार. मूल शाळेत पोचलेच नाही, तर गुणवत्ता कोणाची मोजणार? म्हणून तर शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले आणि कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले. पट कमी झाला म्हणून हा हक्क कमी होत नाही.

समूहाची कल्पना वाईट नाही, पण ती मुळात वेगळी होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासमूह सुचवला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका माध्यमिक शाळेशी भोवतालच्या प्राथमिक शाळा जोडायच्या, साधने वाटून घ्यायची, शिक्षकांनी एकमेकांना हात द्यायचा, असा तो विचार होता. शाळा जागेवरच राहणार आणि तिचे एकटेपण जाणार. आठवड्यातून एक दिवस समूहातली सगळी मुले मुख्य शाळेत जमली, तर संघही होतो आणि प्रयोगही होतात.

जवळ राहूनही शाळा चांगली होते, हे आपल्याच लोकांनी दाखवून दिले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषदेच्या शाळा बदलल्या. राज्यभरातून शिक्षक त्या पाहायला गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. पर्यवेक्षण म्हणजे दप्तर तपासून शेरा मारणे, ही सवय तिथे मोडली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी ती उभी केली आणि २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या पुरस्कारांत तिचे नाव झळकले. वीसच्या निकषावर ही शाळा आधीच बंद व्हायची.

आता आपल्या गावाकडे वळू. कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती तुमच्या हाती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिचेच. पण किती गावांत ही समिती खरोखर बसते? अनेक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. या महिन्यापासून अशी घरपोच सही द्यायची नाही. बैठक शाळेतच घ्या आणि आयांना बोलू द्या, कारण मूल घरी काय वाचते हे त्यांनाच ठाऊक असते.

बैठकीत रंगरंगोटीच्या आधी शिकण्याचा विषय घ्या. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या आणि हातच्याची वजाबाकी करायला सांगा. ज्याला येत नाही, त्याला नावे ठेवू नका. त्याच्यासाठी गुरुजी काय करणार आणि घरच्यांनी काय करायचे, ते तिथेच ठरवा. पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. गुणवत्ता सुधारण्याचे एवढे साधन कोणत्याही वाडीला परवडते.

गुरुजींचा वेळही आपणच राखायचा आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते. शिकवण्याचे किती दिवस कशापायी गेले, याची नोंद समितीने ठेवावी. केंद्रप्रमुखाचे पद भरलेले आहे का, ते शाळेत येऊन मुलांशी बोलतात का, हेही विचारा.

शिक्षक मित्रांनो, पालकांच्या प्रश्नांना चौकशी समजू नका. पदे वाचवण्याच्या लढ्यात तुमच्या बाजूला उभे राहणारे तेच आहेत. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला टीव्ही भेट दिलात, उत्तम झाले. आता समितीचे अर्ज लिहायला आणि तालुक्याला पाठपुरावा करायला वेळही द्या.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शाळा आणा आणि ठराव करा: आमची शाळा जागेवर राहील, तिला कायद्याप्रमाणे दोन शिक्षक मिळावेत, केंद्रप्रमुखाचे पद रिकामे असेल तर ते भरावे. त्याच ठरावात गावाचा शब्दही लिहा, की तिसरी ओलांडणारे प्रत्येक मूल अडखळल्याशिवाय वाचेल आणि ते आम्ही दर महिन्याला तपासू. मागणीसोबत जबाबदारी घेणाऱ्या गावाची शाळा काढून घेणे कोणत्याही सरकारला जड जाईल.