आवर्तनाआधी तारीख

ऑक्टोबर उजाडला की गेवराई-माजलगाव पट्ट्यात एकच चौकशी सुरू होते: नाथसागर, म्हणजे पैठणचे जायकवाडी धरण, किती टक्के? पैठणचा उजवा कालवा माजलगाव धरणापर्यंत येतो आणि बीड शहराची तहानही बरीचशी त्या धरणावरच भागते. आकडा 65 च्या वर असला तर विषय मिटला. खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते आणि कालव्याचे आवर्तन राहते बाजूला. कोर्टात काय झाले, ते आधी विचारावे लागते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतला साठा ऑक्टोबरअखेर टक्केवारीत जवळपास सारखा असावा, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पण कायद्याचे नियम व्हायला 2013 साल उजाडले. जायकवाडीबद्दल प्राधिकरणाचा आदेश निघाला 19 सप्टेंबर 2014 ला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला सप्टेंबर 2016 मध्ये. एका वाक्याची अंमलबजावणी व्हायला अकरा वर्षे!

बरे, निकाल लागला म्हणजे वाद संपला, असेही नाही. 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे स्थगिती मिळाली नाही. तरी पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर सरत आला. तोवर नदीचे पात्र कोरडे पडत जाते आणि सुटलेल्या पाण्यातला मोठा वाटा वाळूतच जिरतो. हे नुकसान कोणत्याही निकालपत्रात भरून मिळत नाही.

आदेश मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा वर्षाच्या पाणीपट्टीच्या दहापट दंड, अशी शिक्षा या कायद्यात आहे. पण तुरुंगात धाडायचे तर प्राधिकरणालाही कोर्टाचीच पायरी चढावी लागते. व्यवहारात ती पायरी चढतो तो टेलचा शेतकरी, तोही पदरचे पैसे घालून.

वरच्यांना कायदा दाखवताना आपल्या पायाखालीही बघावे लागेल. भूजल कायद्याने शेती-उद्योगासाठी 60 मीटरखाली, म्हणजे साधारण 200 फुटांखाली, विहीर-बोअर घ्यायला बंदी केली. राज्याचे भूजल प्राधिकरण म्हणूनही हेच प्राधिकरण काम पाहते. बीड जिल्ह्यात 200 फुटांवर थांबलेली बोअरची गाडी कुणी पाहिली असेल तर जरूर कळवावे. इथे कोर्टात कुणी जात नाही, कारण मोडणारेही आपण आणि तक्रार करायची तीही आपणच.

माझे म्हणणे एवढेच: ज्यावरून पाणी सोडायचे ठरते तो 15 ऑक्टोबरचा साठ्याचा हिशेब त्याच दिवशी जाहीर व्हावा आणि पाणी सोडण्याची तारीख आदेशातच छापलेली असावी. ज्यांना दाद मागायची आहे त्यांनी जरूर मागावी. पण पाणी सुटल्यावर.