पॉम्पेईची राख आणि आपली पांढर

गेल्या रविवारी लेकरांना घेऊन तेरला जाऊन आलो. तेर म्हणलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि माघारी फिरायचं. पण त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, तिकडं वळणारे कमीच.

आमच्या पोराला मोबाईलवर बघून बघून पॉम्पेई पाठ झालंय. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि अख्खं रोमन शहर राखेखाली गेलं. पण 1938 साली तिथल्याच एका घरात हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, अंगभर दागिने, दोन्ही बाजूला दासी, हे त्याला माहीत नव्हतं. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती बाई तेरला सापडलीय! जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक निघाली, म्हणून पॉम्पेईची मूर्ती आपल्याच भागात घडली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. नक्की कुठं घडली हा वाद राहू द्या. पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्ही आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवस, पैठणहून तगर आणखी दहा. इथलं कापड, मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरावर जायचं. रस्ते तेव्हाही खराबच होते, हेही त्यानं लिहून ठेवलंय.

आता मुद्द्यावर येतो. पॉम्पेई राखेनं झाकून ठेवलं. आपली जुनी गावं पांढरीनं झाकून ठेवलीत. गोदाकाठच्या कुठल्याही जुन्या गावाला जा, कडेला पांढऱ्या मातीचं टेकाड दिसेल. पूर्वी माळवदावर टाकायला पाटीभर माती न्यायचे, ठीक होतं. आता जेसीबी लावून ट्रॉल्या भरतात. मातीबरोबर खापरं, मणी, शंखाच्या बांगड्या, मोठाल्या विटा शेतात जातात आणि नांगराखाली चुरा होतात. कशाखाली काय होतं, हा थर एकदा मोडला की कुणी पुरातत्त्ववाला आला तरी सांगू शकत नाही.

लोक वाईट नाहीत, भितात. काही सापडलं तर पोलीस येतील, जमीन जाईल, म्हणून गपचूप पुरून टाकतात नाहीतर विकतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे खरं. पण सापडवणाऱ्याचा हक्कही त्यात आहे, आणि सरकारनं वस्तू घेतली तर किमतीवर पाचवा हिस्सा जादा द्यायची तरतूद आहे. हे गावात कोण सांगतं? तलाठ्यानं ग्रामसभेत एकदा वाचून दाखवलं तरी पुष्कळ होईल.

आपल्याकडं करणारे लोक आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव गावकऱ्यांनीच गाळ काढून मोकळी केली. लामतुरेही तेरचेच, त्यांनी गोळा केलं म्हणून आज संग्रहालय आहे.

शाळेची सहल वॉटर पार्कला नेणाऱ्या गुरुजींना हात जोडून विनंती, एक वर्ष तेरला न्या, जाता-येता अंबाजोगाईही होतं. आणि ग्रामपंचायतींनी पांढरीतली माती उचलणं आधी थांबवावं.

तुमच्या गावच्या पांढरीत काय निघालं होतं? कमेंटमध्ये सांगा, फोटो टाका. जागा मात्र लिहू नका, चोरटेही वाचतात.