होडी कोठे चालली?

आपल्याकडे कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो तो 'कोठे चाललात?' हा. त्यात आपुलकी असते आणि थोडी चौकशीही असते. उत्तर देणारी मुलगी असेल तर चौकशी अंमळ जास्तच. 'बाजारात', 'दळणाला', 'कॉलेजला', 'स्टेशनवर' ही सगळी उत्तरे चालतात. 'कोठे नाही, सहजच' हे एकच उत्तर चालत नाही. या लेखात मी त्या न चालणाऱ्या उत्तराची बाजू मांडणार आहे, आणि तीही पाण्यावरची. शिडाच्या होडीत बसावे, कोठे पोहोचायचे ते ठरवू नये आणि वारा व भरती नेतील तिकडे संथपणे जावे, यात एक मोठे सुख आहे, असे माझे म्हणणे आहे. ते सुख केवळ धनिकांचे नाही, हे माझे दुसरे म्हणणे.

आपले सावर्डे हे मुळातच वाटेवरचे गाव. एकीकडे मुंबई-गोवा महामार्ग, दुसरीकडे कोकण रेल्वे. दिवसभर माणसे आपल्या गावावरून कोठेतरी चाललेली असतात. इथल्या मुलांचे जाण्याचे ठिकाणही बहुधा ती शाळेत असतानाच ठरून जाते, ते म्हणजे मुंबई. माझे वडील काताच्या कारखान्यात कामाला आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. त्यामुळे 'बी.ए. होऊन पुढे काय?' हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांचा दोष नाही. ज्यांनी कष्टाचा पैसा घातला त्यांनी मुक्काम विचारावा, हे योग्यच आहे. पण आयुष्यातला प्रत्येक तास मुक्कामाच्या हिशेबातच मोजावा काय, एवढाच माझा सवाल आहे.

पाण्याचा रस्ताही आपल्याकडे नेहमी मुक्कामाचाच राहिला. आपल्यापासून जवळच, चिपळूणला वाशिष्ठी नदी आहे. ती पुढे खाडी होऊन दाभोळजवळ समुद्राला मिळते. दाभोळ हे बहामनी काळातले नावाजलेले बंदर. खाडीतून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत गलबते येत. तेथून माल कुंभार्ली घाटाने वर देशावर जाई. माझ्या आईचे वडील तरुणपणी अशाच एका गलबतावर खलाशी होते. मंगळुरी कौले भरून आणायची आणि कोकणातल्या बंदरांवर उतरवायची, हे त्यांचे काम. कौले कोणासाठी, किती आणि कोठे उतरवायची, सगळे ठरलेले असे. म्हणजे आजोबा आयुष्यभर पाण्यावर हिंडले, पण सहज म्हणून एकदाही हिंडले नाहीत.

असे मला वाटत होते. परंतु त्यांना खोदून विचारले तेव्हा निराळेच ऐकायला मिळाले. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वारा समोरून असला तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. वारा पडला तर नांगर टाकून थांबावे लागते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. त्यांच्या वेळा सांभाळूनच पुढे सरकायचे. त्यामुळे 'कधी पोहोचाल?' या प्रश्नाला तांडेलाचे उत्तर एकच असे, 'वारा नेईल तेव्हा.' आजोबा म्हणाले, "वारा पडला की पोटावर मारा, खोटं कशाला सांगू? खेप लांबली की पैका लांबला. पण वाऱ्याला शिव्या दिल्या म्हणून तो उठत नाही. मग आम्ही भात शिजवायचो, कोणी गाणं म्हणायचा, कोणी नुसता पाण्याकडे बघत पडायचा. तेवढा वेळ मालकाचा नाही, घराचा नाही. तेवढा वेळ आमचा."

'तेवढा वेळ आमचा' हे शब्द माझ्या मनात घर करून बसले आहेत. अर्थशास्त्राच्या तासाला आपण श्रमाचे मोल शिकतो. श्रमाच्या मधल्या रिकाम्या वेळाचे मोल मला माझ्या आजोबांनी शिकविले.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आजोळी गेले होते. मामाच्या होडीला इंजिन आहे. आता सगळ्यांच्याच होड्यांना आहे, शीड क्वचितच दृष्टीस पडते. पण आजोबांनी एक जुने शीड माळ्यावर जपून ठेवलेले. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. अष्टमी जवळ आली की भरतीचा जोर उतरतो, ती भांगाची भरती. उधाणाचे पाणी अमावास्या-पौर्णिमेला. असे पाणी नवशिक्याला बरे म्हणून मामाने तो दिवस निवडला. दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही निघालो तेव्हा मामीने विचारलेच, "जाळं नाही, टोपली नाही, मग चाललात कुठं?" मामा आजोबांकडे पाहू लागला. आजोबा म्हणाले, "पाणी जाईल तिथं."

भरती आत शिरत होती आणि खारा वाराही मागून होता. शीड भरले तसा मामाने वल्ही आत घेतली. इंजिनाचा आवाज नसल्याने प्रथमच मला खाडीचा आवाज ऐकू आला. होडीच्या नाळेखाली पाण्याची चुळबूळ, तिवरांत खंड्याची किलकारी, चिखलात बुडबुडे. पलीकडच्या काठावर एक मगर तोंड उघडून पडली होती; आम्ही एवढ्या गुपचूप गेलो की ती हललीही नाही. इंजिनाची होडी काठाकाठाने कधी जात नाही, कारण तेथे तिचे काम नसते. आम्हांलाही काम नव्हते, म्हणून प्रत्येक वळणात शिरलो. साडेचार-पाचच्या सुमारास भरती थांबली. पाणी ना वर, ना खाली. शीड लोंबू लागले. अर्धा तास आम्ही एकाच जागी होतो आणि कोणालाही काही बोलावेसे वाटले नाही. मग होडीचे नाक आपोआप वळू लागले. ओहोटी लागली होती. जिने नेले तिच्याच पाण्याने परत आणले. दिवेलागणीला आम्ही घरी होतो. थेंबभर डिझेल जळले नाही.

यावर आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा की हा आळस आहे. ज्याने शीड धरले आहे तो असे म्हणणार नाही. मुक्काम ठरलेला असला की माणूस मुक्कामाकडे पाहतो. तो नसला की वाऱ्याकडे, पाण्याच्या रंगाकडे, वाळूच्या दांड्याकडे, ढगाकडे पाहावे लागते. परत येण्यापुरती ओहोटी कधी लागेल, हे आधी जाणावे लागते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. पण त्या गणितावर आपले घरी पोहोचणे अवलंबून असते, हे होडीत कळले. निरुद्देश असणे निराळे आणि बेसावध असणे निराळे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. हे श्रीमंतांचे चोचले, गरिबाच्या पोरीने कशाला करावेत? मला वाटते, गोष्ट नेमकी उलट आहे. ज्यांना पाणी कळते त्यांना सहलीला सवड नाही, आणि ज्यांना सवड आहे त्या पर्यटकांना पाणी कळत नाही. आजोबांजवळ शिडाची विद्या होती, पण तिचे सुख त्यांना वारा पडल्यावर, चोरून घ्यावे लागले. आम्ही शिकलो ते कशासाठी? त्यांनी चोरून घेतलेले सुख आम्हांला उजळ माथ्याने घेता येऊ नये काय?

जगातल्या एका मोठ्या शर्यतीची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. 1968 साली एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा इंग्लंडमध्ये जाहीर झाली. नऊजण निघाले. एकच परत पोहोचला, तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी. त्याची 'सुहैली' ही 32 फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत, इथल्याच कारागिरांच्या हातून बांधली गेली होती. स्पर्धेत बेर्नार म्वातेसिये नावाचा एक फ्रेंच खलाशीही होता. सर्वांत जलद फेरीचे 5000 पौंडांचे बक्षीस त्याला मिळण्याची दाट शक्यता होती. केप हॉर्न ओलांडल्यावर आता युरोपकडे वळायचे एवढेच उरले होते. त्याने शर्यत सोडून दिली. एका जहाजावर गलोलीने निरोप फेकला की मी परत येत नाही, मला समुद्रावर बरे वाटते. आणि तसाच पुढे जात तो जून 1969 मध्ये ताहितीला लागला. नॉक्स-जॉन्स्टनची चिकाटी मला वंदनीय वाटते. पण बक्षिसाकडे पाठ फिरविणाऱ्या त्या दुसऱ्याची आठवण जगाने का ठेवली असावी? पोहोचणे हेच सर्वस्व असते तर त्याला आपण केव्हाच विसरलो असतो.

आपल्या देशाचेच पाहा. कमांडर दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून मुंबईहून एकटे निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात मुंबईलाच परत आले. अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये हीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता केली. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' घेऊन गोवा ते गोवा अशी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. या सफरींना उद्दिष्ट होते, शिस्त होती, हे मान्य. तरीपण जेथून निघालो तेथेच परत यायचे, हाच ज्या प्रवासाचा मुक्काम, त्याचे मोल मुक्कामात नसून मधल्या पाण्यातच असणार!

आता थोडे आपल्याविषयी. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांच्या घरांत तो चिखल शिरला होता. तेव्हापासून नदी म्हटले की आपल्याला पूर आठवतो. एरवी नदी म्हणजे मासळी, वाळू किंवा पुलावरून दिसणारे पाणी. कोयनेच्या वीजगृहातून सुटलेले पाणी याच नदीत येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? नदीची भीती बाळगणे आणि नदी ओळखणे यांत फरक आहे. कामाशिवाय तिच्याजवळ गेल्यावाचून ती ओळख होत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या जिमखान्यात कॅरम आहे, व्हॉलीबॉल आहे. जिमखान्याने एक शिडाची होडी घ्यावी आणि ती खाडीकाठच्या गावी ठेवावी. जीवरक्षक जाकिटे सर्वांना सक्तीची असावीत. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवसांत होडी काढू नये. शिकविण्यासाठी खाडीकाठचा एखादा वृद्ध तांडेल मानधन देऊन बोलवावा; त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच संपून जाण्याआधी हे व्हावे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागात शीड शिकवितात, ते उत्तमच आहे. पण तेथे मार्ग, वेळ आणि गुण ठरलेले असतात. आपल्या होडीला गुण नसावेत आणि ढालही नसावी. मुलामुलींना ती सारखीच मिळावी.

होडी नेणाऱ्यांसाठी एक नोंदवही ठेवावी लागेल, तीही जरूर ठेवावी. तीत नाव असावे, निघण्याची वेळ असावी, भरती-ओहोटीची वेळ असावी, परतण्याची वेळ तर असावीच. 'जाण्याचे ठिकाण' हा रकाना मात्र तीत छापू नये, एवढी माझी प्राचार्यांना आणि जिमखाना-प्रमुखांना नम्र विनंती आहे.